दोन मार्क कापलेली गोलकीपर

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगीच धास्तावायला नको: शेवटी सगळं नीट झालं. सुनीती आत्या पुन्हा दोन्ही वेळ जेवते, आणि काल तिने माझ्या बाबांना फोनवर वीस मिनिटं भरताच्या वांग्यावरून झापलं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. पण एप्रिलमधल्या त्या शनिवारी दुपारी दोन मिनिटं अशी होती, की तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून मीच एकेक सेकंद मोजत होते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय एकसष्ट, उंची पाच फुटाला थोडी कमी. मिरजेला नर्सिंग शिकून ब्याण्णव साली इंग्लंडात रीडिंगला आली आणि तिथल्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं काढून रिटायर झाली. त्यातली शेवटची अकरा वर्षं ती बेड मॅनेजर होती. कुठल्या वॉर्डात कुठली खाट रिकामी आहे आणि तिच्यावर कोणाला टाकायचं, हे रोज सकाळी आठ वाजता ती ठरवायची, आणि मोठमोठे डॉक्टर तिच्यापुढे हात चोळत उभे राहायचे. तिची बोलायची पद्धत अजून तीच आहे. आधी एक 'हं' येतो. मग श्वास. मग निकाल.

"हं. ईरा, तुझी जीन्स फाटलीय."
"फॅशन आहे, आत्या."
"हं. फाटलीय."

फुटबॉलमध्ये ती मुलीमुळे आली. माझी देविकाताई दहा वर्षांची असताना केनेट किंगफिशर्स नावाच्या क्लबात खेळायला लागली, आणि आत्या प्रथमोपचाराची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसायला लागली. देविकाताईने चौदाव्या वर्षी बूट काढून ठेवले. आत्याने खुर्ची काही उचलली नाही. पद्माकर काका, म्हणजे तिचे यजमान, टीव्हीवर फक्त हवामान बघतात, त्यामुळे शनिवारी घरी बसून करणार काय, असं ती सांगते. खरं म्हणजे तिला तो खेळ दिसायला लागला होता. कोण लंगडतेय आणि लपवतेय, कोण दमल्यावर दुसरीवर ओरडते, कोण दमल्यावर गप्प होते, हे सगळं ती वहीत मराठीत लिहायची. क्लबची कोच बेथन वेल्सची आहे. तिने एकदा वही उघडून विचारलं, "यात काय आहे, सुनीती?" आत्याने वाचून दाखवलं. त्या दिवसापासून बेथनने कुठलीही मुलगी आत्याला विचारल्याशिवाय घेतली नाही.

बेथनचं बोलणं टेकडी चढल्यासारखं आहे, प्रत्येक वाक्य शेवटाकडे वर जातं. ती सगळ्यांना 'कारियाद' म्हणते, म्हणजे वेल्शमध्ये 'बाळा', आणि प्रत्येक कामाला "आत्ता, एका मिनिटात" म्हणते. ते मिनिट कधी कधी गुरुवारी येतं. आत्याच्या मते वेल्स आणि सांगली जिल्हा फार लांब नाहीत.

दोन वर्षांपूर्वी क्लब मोठा झाला. ब्रिटिश सिक्सेस नावाची बायकांची नवी लीग निघाली, सहा-सहा जणींचा इनडोअर खेळ, आठ क्लब, सगळ्या पगारी खेळाडू. त्यात आमचे किंगफिशर्स, म्हणजे आत्याच्या भाषेत 'आपले खंड्या', घेतले गेले. या लीगमध्ये खेळाडू ड्राफ्टने मिळतात. शाळेत पीईच्या तासाला दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं निवडतात ना, तेच, फक्त कोट घालून. पूलमध्ये, म्हणजे निवडीसाठी नाव दिलेल्यांत, एकशे चाळीस मुली. प्रत्येक क्लबला चार पाळ्या, प्रत्येक पाळीला दोन मिनिटं. आणि एक दुष्ट नियम: दोनदा पूलमध्ये येऊन कोणी निवडलं नाही, तर तिसऱ्यांदा नाव देता येत नाही.

या वर्षी खंड्यांकडे तीन जागा रिकाम्या होत्या. गोलकीपर बाळंतपणाच्या रजेवर, डाव्या बाजूची डिफेंडर ऑस्ट्रेलियाला, आणि गोल मारणारी तर पहिल्यापासूनच नव्हती. महिनाभर आत्याच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. तिथे हॉस्पिटलने मोडीत काढलेला व्हाइटबोर्ड आडवा पडलेला, त्यावर लोहचुंबकाच्या गोळ्या, आणि काका ताट मांडीवर घेऊन हवामान बघतायत.

"जी सगळ्यात चांगली उरली असेल ती घ्यायची, कारियाद," बेथन म्हणायची. "जागेचं आपण नंतर बघू."

"हं. खाट रिकामी आहे हृदयाच्या वॉर्डात, आणि तू आणतेस अपेंडिक्सचा पेशंट. का, तर फार गोड हसतो."

"पण हसतो ना गोड."

"हसू दे. त्याच्या वॉर्डात हसू दे."

त्या टेबलाशी तिसरा माणूस म्हणजे देव. देव सव्वीस वर्षांचा, रीडिंगमध्येच जन्मला, आठवड्यातले तीन दिवस एका सॉफ्टवेअर कंपनीत आणि दोन दिवस आमच्या क्लबात आकडे सांभाळतो. त्याची मराठी प्रेमळ आहे, पण तिच्यात कोण बाई आणि कोण पुरुष याचा पत्ता नसतो. "मावशी, माझी लॅपटॉप म्हणतो की तुमचा वही खूप इम्पॉर्टंट आहे." त्याने आत्याला छापील कागद दिले होते. एका मुलीला एक कागद, दहापैकी मार्क, खाली दोन ओळी शेरा. आत्या कागद भरायची, देव ते लॅपटॉपमध्ये घालायचा.

गोलकीपरसाठी भांडण दोन मुलींत होतं, आणि ते भांडण आत्याच्या एकटीच्या डोक्यात चाललेलं होतं. एक हॅरिएट. सहा फूट, हात दरवाजाएवढे, सगळ्या पूलमध्ये सर्वांत जास्त शॉट अडवणारी. दुसरी झैनब मलिक. तेवीस वर्षांची, इल्फर्डची, दिवसा एका फार्मसीच्या काउंटरवर. आत्या व्हाइटचॅपलला गाडी बदलून चार वेळा तिची मॅच बघायला इल्फर्डला गेली. एकदा मीही होते.

झैनबमध्ये बघण्यासारखं काही नाही, असंच मला पहिल्यांदा वाटलं. ऐकण्यासारखं मात्र होतं. ती सतत बोलते. "डावीकडे, डावीकडे, अजून एक पाऊल, थांब, शाब्बास, आता तिला जाऊ दे, ती माझी." सगळं पूर्व लंडनच्या खरखरीत आवाजात, बस कंडक्टरसारखं. आणि तिच्या पुढच्या मुली खरोखर हलतात. मग शॉट येतच नाही, किंवा येतो तो कुठून तरी कोपऱ्यातून, दमलेला.

मॅचनंतर आत्या तिच्याशी बोलली. झैनबचं नाव पूलमध्ये दुसऱ्यांदा होतं, म्हणजे शेवटचं. "घेतलं तर घेतलं, आंटी," ती म्हणाली. "नाहीतर फार्मसीवाले मॅनेजर करतायत मला. वाईट नाही ते पण." आणि ग्लव्हज काढताना एकेक बोट इतकं सावकाश मोकळं केलं, की आत्याने नजर दुसरीकडे वळवली.

परतीच्या गाडीत आत्याने वही उघडली आणि तशीच मिटली. पॅडिंग्टन गेल्यावर म्हणाली, "हं. बरी आहे."

इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे जे मनापासून हवं असतं त्याला चांगलं म्हणत नाहीत. दृष्ट लागते. आजीने आम्हा सगळ्यांना गालावर काजळाची तीट लावली, आत्या ती तीट तोंडाने लावते. देविकाताईचा इंटरव्ह्यू उत्तम झाला तेव्हा आत्या जगाला सांगत होती, "झाला कसाबसा." नवीन घर घेतलं तेव्हा, "आहे आपलं चार भिंती." हॉस्पिटलात तर तिला आयते जोडीदार मिळाले. तिथे ड्यूटीवर कोणीही, अगदी गोरा सर्जनसुद्धा, 'आज शांतता आहे' हे वाक्य उच्चारत नाही, कारण उच्चारलं की दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्सची रांग लागते. आत्याला विचारलं तर म्हणते, "माझा नाही हो विश्वास असल्या गोष्टींवर. पण न बोलण्याने काय बिघडतं?"

या वेळी बिघडलं.

झैनबच्या कागदावर आत्याच्या मनात मार्क होते साडेआठ. तिने लिहिले साडेसहा. दोन दृष्टीचे कापले. शेऱ्यात लिहिलं, 'किक आखूड. ठीक.' पूर्वीच्या वर्षांत हे चाललं असतं, कारण बेथन कागद वाचायचीच नाही, आत्याचं तोंड वाचायची. पण या वर्षी मधे देवचा लॅपटॉप होता. त्याने सातची चाळणी लावलेली. सातच्या खालची प्रत्येक मुलगी यादीतून बाहेर. आत्याने लॅपटॉपमध्ये कधी डोकावून पाहिलं नाही आणि दृष्ट लागू नये म्हणून दोन आठवडे झैनबचं नावही काढलं नाही. एकशे चाळीस नावांत बेथनला ते आठवणार तरी कसं?

ड्राफ्ट लंडनला, कॅमडेनमधल्या एका हॉलमध्ये होता. खाली आठ क्लबांची आठ टेबलं, वर गॅलरीत पूलमधल्या मुली आणि त्यांची माणसं. प्रत्येक टेबलाला घरचा एक पाहुणा आणायची परवानगी होती, आणि काकांनी हवामान निवडल्यामुळे ती खुर्ची मला मिळाली. नावं पुकारणारे गृहस्थ असे बोलत होते जणू प्रत्येक नाव गरम बटाटा आहे आणि ते तोंडात फिरवून गार करतायत.

आमची पाळी पाचवी. पहिल्या फेरीत बेथनने गोल मारणारी घेतली. ठरल्याप्रमाणेच. "गोलकीपर दुसऱ्या फेरीपर्यंत टिकतात," आत्याने महिनाभर सांगितलं होतं. टिकल्या. दुसऱ्या फेरीत आमच्या आधी दोन कीपर गेल्या, पण हॅरिएट नाही आणि झैनबही नाही. भिंतीवरचं घड्याळ सुरू झालं. दोन मिनिटं.

"मस्त," देव म्हणाला. "हॅरिएट आहे अजून. टाकू?"

"हं. आणि झैनब?" आत्या म्हणाली.

"कोण झैनब?"

"मलिक. इल्फर्ड."

देवने यादी खाली सरकवली, वर सरकवली. "तो लिस्टमध्ये नाहीये, मावशी. सातच्या खाली सगळे कट केले ना आपण. तुमच्या मार्क साडेसहा होता."

आत्याचा हात टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे गेला आणि तिथेच राहिला. तिने वर गॅलरीकडे पाहिलं. मीही पाहिलं. झैनब तिसऱ्या रांगेत होती, मांडीवर हात, शेजारी तिची आई, आणि दोघी आमच्याच टेबलाकडे बघत होत्या, कारण कुठला क्लब तिच्यासाठी चार वेळा इल्फर्डला आला होता हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"बेथन," आत्या म्हणाली, "माझी चूक झाली. मी तिचे दोन मार्क कापलेत."

"का? काय केलं तिने?"

"काही केलं नाही. चांगली आहे म्हणून."

बेथनचं वाक्य पहिल्यांदाच टेकडी चढलं नाही. "चांगली आहे म्हणून मार्क कापले."

"हो."

देवचे दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलले गेले, पोलिसांनी पकडल्यासारखे. घड्याळात एक मिनिट वीस. आत्याला पुढे इंग्रजी सुचेना. एकतीस वर्षं जिने सर्जनना इंग्रजीत रडवलं, ती माझ्याकडे बघायला लागली. मग मी बेथनला सांगितलं, की आमच्यात जे फार हवं असतं त्याचं कौतुक करत नाहीत, नाहीतर ते हातचं जातं, आणि आत्याने कापलेला प्रत्येक मार्क म्हणजे उलटा मोजायचा.

"आणखी कोणाचे कापलेस?"

"कोणाचे नाही," आत्या म्हणाली. "तिचेच."

"म्हणजे माझ्या यादीत एकशे एकोणचाळीस मुलींचे आकडे खरे आणि एकीचा खोटा, आणि नेमकी तीच तुला हवी." बेथनने लॅपटॉप बंद केला. हळूच, पण बंद. "आकडे राहू देत. एक मिनिट आहे. हॅरिएट का नको आणि ही का हवी, ते तोंडाने सांग."

डाव्या टेबलावर लीड्सचा क्लब होता, उजवीकडे ब्रिस्टलचा. ब्रिस्टलची पाळी आमच्यानंतर होती आणि त्यांनाही कीपर हवी होती. आत्या जे बोलेल ते सगळं त्यांच्या कानावर पडणार. आमच्या घरात गेल्या साठ वर्षांत जे कोणी केलं नाही, ते तिला भर हॉलमध्ये करायचं होतं.

'हं' आला नाही. श्वासही आला नाही. इंग्रजी मात्र आलं.

"ती चांगली आहे," आत्या म्हणाली. "फार चांगली आहे. या हॉलमध्ये तिच्यासारखी दुसरी नाही. आपल्या दोन डिफेंडर एकोणीस वर्षांच्या आहेत, दोघी मुक्या. मागून कोणी सांगितलं नाही तर खांबासारख्या उभ्या राहतात. ही त्यांना हलवेल. देवच्या आकड्यांत तिचे अडवलेले शॉट कमी दिसतात, कारण ती शॉट होऊच देत नाही. हॅरिएट खूप अडवेल. आपल्याकडे आली तर तिला खूप अडवावं लागेल. आपली रिकामी खाट बोलणारीची आहे, बेथन. आणि एवढं चांगलं बोलणारी मी अठरा वर्षांत बघितली नाही."

आणि मग तिने टेबलावर हात दाबून धरला. 'टच वुड' म्हणून. टेबल प्लास्टिकचं होतं.

"देव, लिही," बेथन म्हणाली.

"नाव लिस्टमध्ये नाही, हाताने टाकावी लागेल."

"मग हात आहेत ना तुला, कारियाद?"

देवने लॅपटॉप उघडला, टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. घड्याळात नऊ सेकंद उरले असताना नाव गेलं. पुकारणाऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी पाहिली, बटाटा या गालातून त्या गालात नेला आणि म्हणाले, "केनेट किंगफिशर्स निवडत आहेत... झे-नॅब... मलिक."

वर गॅलरीतून काहीतरी धातूचं, बहुतेक थर्मासचं झाकण, पायऱ्यांवरून टणटणत खाली आलं, आणि त्या मागोमाग झैनबचा आवाज, नेहमीचा बस कंडक्टरचा, पण मधेच फाटलेला. "अम्मी, बस खाली. अम्मी, माझं नाव घेतलं, बस खाली."

आत्याने खुर्चीत मागे टेकून दोन्ही बूट काढले. ब्रिस्टलच्या टेबलावरून कोणीतरी जोरात सुस्कारा सोडला, आणि तो ऐकून ती इतकी सुखावली की तिने माझ्या पिशवीतलं सँडविच मागून घेतलं. दोन दिवसांत तिने खाल्लेला तो पहिला घास.

दुसरी फेरी संपल्यावर चहाची सुट्टी झाली. बेथन आत्याला बाजूला घेऊन गेली, पण बेथनचं 'बाजूला' म्हणजे चार पावलं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"पुन्हा असं करायचं नाही," बेथन म्हणाली. "त्या पोरीचा जन्म वाया गेला असता तुझ्या दोन मार्कांत."

"माहीत आहे."

"आणि मला काय समजलीस? माझी नजर लागली असती तिला?"

"तुझी नाही," आत्या म्हणाली. "ज्याला हवं असतं त्याचीच लागते. माझी लागली असती."

बेथनने हातातला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाली, "तर मग पुढच्या वेळी तू डोळे मीट. पण मार्क खरे लिही." आणि तिने आत्याला मिठी मारली. आत्या मिठीत कधीच नीट मावत नाही, ती कोपरं आत घेऊन उभी राहते, तशीच राहिली. पण राहिली.

तेवढ्यात झैनब आईला घेऊन खाली आली. आई नेटक्या हिरव्या कोटात, डोळे पुसून पुसून लाल झालेले. बोलून मोकळी झालेली आत्या आता थांबायला तयार नव्हती. "तुमची मुलगी फार गुणी आहे," तिने इंग्रजीत जाहीर केलं.

झैनबच्या आईने झटकन मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मान हलवली. "कसली गुणी. घरात काचेचा ग्लास धरता येत नाही हिला. मागच्या आठवड्यात दोन फोडले."

झैनबने डोळे फिरवले. आत्या मात्र त्या बाईंकडे अशी बघायला लागली, जणू सख्खी बहीण भेटली. मग दोघी कागदी कपातला चहा घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या आणि आपापल्या मुली किती सामान्य आहेत हे एकमेकींना सांगत बसल्या. देविकाताई डेंटिस्ट आहे, पण त्या दहा मिनिटांत तिचं फार वाईट चाललं होतं.

घंटा झाली. तिसरी फेरी, डाव्या बाजूची डिफेंडर. आमच्या आधीच्या चार क्लबांनी आम्हाला हवी होती तशी एक नेली, पण एक उरली, शेफिल्डची, मजबूत पायांची, आत्याच्या कागदावर आठ मार्क. घड्याळ सुरू झालं. देवने नाव टाइप केलं, बोट एंटरवर ठेवलं आणि थांबला.

"मावशी, विचारू का? हिच्या मार्क खरा आहे ना?"

आत्याने बूट पायात सरकवले.

"हं. अगदी खरे आहेत," ती म्हणाली. "ही मला तेवढी आवडलेली नाही. दाब."